केकचा दुसरा तुकडा

माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून केक खाल्ला. तीच त्याची नोकरी होती म्हटलं तरी चालेल. लोकांना वाटतं, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा असिस्टंट कोच म्हणजे मैदानाच्या कडेला शिट्टी फुंकणारा माणूस. शिट्टी काय, कुणीही फुंकेल. हेल्मेट चढवून एकमेकांवर आदळणारी ती दांडगी पोरं आधी कुठून तरी आणावी लागतात, आणि ती कुणाच्या तरी पोटची असतात. त्या आयांना पटवायचं काम असिस्टंटचं. हेड कोचचं नाव पेपरात येतं, असिस्टंटचं नुसतं पोट सुटतं.

रॉइस टिडवेल मला भेटला तेव्हा टेनेसीतल्या एका छोट्या कॉलेजात फुकटात राबत होता. खेळाडूंचे घामट कपडे धुवायला टाकायचा, सामन्यांची चित्रणं पुन्हा पुन्हा बघून टिपणं काढायचा आणि ऑफिसातल्या सोफ्यावर झोपायचा. माझ्या वडिलांनी विचारलं, "लॉनेल, हा करतो काय?"

मी म्हटलं, "पुढे कोच होणार आहे."

"पुढचं मी विचारलंच नाही," वडील म्हणाले.

पण लग्न केलंच. मग आर्कान्सा, लुइझियाना, टेक्ससचं एक धुळीनं भरलेलं टोक, आणि शेवटी मिसिसिपी. या धंद्याचा नियम साधा आहे. संघ हरला की हेड कोचला काढतात, आणि त्याच्याबरोबर त्याचे सगळे असिस्टंट जातात, मग त्यांनी कितीही जीव काढलेला असो. नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. किल्ल्या आणि फोन दाराशीच काढून घेतात. नवरा नव्या गावाला पुढे जातो, बायको मागे राहून घर विकते आणि भांडी कागदात गुंडाळते. सामानाची रिकामी खोकी मी कधी टाकली नाहीत. घडी करून पलंगाखाली ठेवायची, पुन्हा लागणारच. आमच्या मुलीनं, जोलीननं तर मैत्रिणींची आडनावं लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं.

एक दिवस आपण हेड कोच होणार, असं रॉइस आधी दर हंगामात म्हणायचा. पन्नाशी आली आणि तो ते म्हणेनासा झाला. त्याला कुणी नाही म्हटलं नाही. विचारणारे फोन यायचे बंद झाले, एवढंच.

पण आयांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची एक ठरलेली रीत होती. समोर येईल ते खायचं, दुसरा तुकडा आपणहून मागायचा, आणि मग डोळे मिटून म्हणायचं, "अगदी माझ्या आईच्या हातची चव!" बाई तिथेच विरघळायची. खरी गोष्ट अशी की माझ्या सासूबाई शर्टांच्या कारखान्यात कामाला होत्या आणि पोरांना दुकानातले बंद डबे फोडून जेवायला घालायच्या. जन्मात त्यांनी केक भाजला नव्हता. मी एकदा गाडीत त्यावरून त्याला चिडवलं, तर तो हसला नाही.

"ती बाई मला आपला पोरगा देतेय, लॉनेल," तो म्हणाला. "मी निदान एवढं तरी देतो."

या देण्याघेण्यात त्याला साखरेचा आजार जडला. पुढे पुढे संध्याकाळचं नीट दिसेनासं झालं. मग लांबच्या घरांना जाताना गाडी मी चालवू लागले, आणि म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

वर्नेटा स्प्रॅगिन्स डेल्टात, म्हणजे मिसिसिपीतल्याच नदीकाठच्या सपाट मुलखात राहायची, मासे साफ करायच्या कारखान्यात उभ्यानं काम करायची. थंड पाण्यानं तिची बोटं सुजलेली असायची. एकुलता एक मुलगा टॅव्हिअन, दारातून आत येताना वाकणारा, आणि बोलायला इतका लाजरा की 'हो मॅडम'च्या पुढे गाडी जात नसे. पहिल्या भेटीत तिनं लिंबाचा केक केला होता. रॉइसनं दुसरा तुकडा मागितला, डोळे मिटले, आईचं वाक्य म्हटलं. मग म्हणाला, "मिस वर्नेटा, मी याला पोटच्या पोरासारखा जपेन." हेही तो सगळ्यांनाच म्हणायचा.

पण याला त्यानं खरंच जपलं. टॅव्हिअन दर रविवारी चर्चमधून थेट आमच्याकडे जेवायला यायचा. जेवण झालं की दोघं अंगणात जायचे आणि रॉइस, त्या वयात, गुडघ्यावर बसून त्याला पाय कसा रोवायचा ते दाखवायचा. मी खिडकीतून ओरडायचे, "अरे, तू उठणार कसा आता?" मग टॅव्हिअन त्याला काखेत धरून उचलायचा.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात टॅव्हिअनचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा रॉइस खोलीतच होता. वर्षभर मैदान बंद. त्याआधी खेळला तर पाय जन्माचा जाईल.

त्या हंगामात आम्ही सडकून हरलो. नोव्हेंबरात हेड कोचला काढलं आणि ब्रॅनॉक नावाचा नवा आला, चाळिशीचा, दात पांढरेशुभ्र. मी मुकाट्यानं पलंगाखालची खोकी काढायला घेतली, तेवढ्यात त्यानं रॉइसला बोलावून घेतलं.

"या राज्यातल्या आया तुला ओळखतात," ब्रॅनॉक म्हणाला. "तू मला हवायस. टॅव्हिअन राहिला तर तूही राहशील. तो दुसऱ्या कॉलेजात जायचं म्हणतोय असं ऐकलं. आईला भेट, समजाव. वसंतातल्या सरावाच्या सामन्यात मला तो मैदानात दिसला पाहिजे."

"डॉक्टर वर्षभर नाही म्हणालेत."

"डॉक्टर सामने जिंकत नाहीत, रॉइस."

अलाबामातलं एक कॉलेज टॅव्हिअनला घ्यायला तयार होतं, आणि वर्षभर बसवून ठेवायलाही. मुलांना कॉलेज बदलायला थोडेच दिवस मिळतात. जे ठरायचं ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं.

मी संत नाही. त्या घराला मी पहिल्यांदाच मनासारखे पडदे शिवले होते, मागे अंजिराचं झाड लावलं होतं. मी रॉइसला स्पष्ट सांगितलं, "साठीकडे चाललायस तू. आता कोण ठेवणार तुला? गप्प बस. पोरगं काय करायचं ते करेल."

"मी त्या बाईच्या टेबलाशी बसून शब्द दिलाय."

"तू शेकडो टेबलांशी बसून शब्द दिलायस!"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि कोट चढवू लागला.

मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल इतकं वाटलं की काय करावं कळेना. मी गाडीच्या किल्ल्या घेतल्या. वाटेत एवढंच सांगितलं, "केक दिला तर नको म्हण. साखर वाढलीय तुझी."

वर्नेटानं दार उघडलं. हसली नाही, पण बसा म्हणाली. टेबलावर लिंबाचा केक मांडलेला होता. आतल्या खोलीत टॅव्हिअन पलंगावर पडला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. दार उघडंच होतं.

तिनं तुकडा कापून रॉइससमोर सरकवला. त्याचं मन कुठे होतं कुणास ठाऊक. वाटभर तो ओठांतल्या ओठांत बोलणं जुळवत होता. हात मात्र सवयीनं चालत होते. त्यानं खाल्लं. मी टेबलाखालून पाय मारला, पण तोवर बशी पुढे गेली होती.

"मिस वर्नेटा, अजून एक तुकडा मिळेल?" तो म्हणाला. डोळे मिटले. "अगदी माझ्या आईच्या हातची चव."

वर्नेटानं सुरी खाली ठेवली.

"तुमची आई डबे फोडून जेवायला घालायची ना, कोच?" तिनं शांतपणे विचारलं. "कॉलेजनं आम्हा आयांना नाश्त्याला बोलावलं होतं, तेव्हा तुम्हीच सांगितलंत. केवढे हसलो होतो आम्ही."

रॉइसचा चेहरा उतरला. त्यानं पुढे केलेली बशी मागे घेतली.

"मिस वर्नेटा, ते सोडा. मी टॅव्हिअनचं सांगायला आलोय. याला इथून न्या. अलाबामाला पाठवा. ब्रॅनॉक याला वसंतात खेळवणार. पाय जाईल याचा."

"कोच ब्रॅनॉकचा सकाळी फोन आला होता," ती म्हणाली. "टिडवेलला मी ठेवणार नाहीये, तो रागात आहे, येऊन काहीबाही बोलेल, म्हणाले. मी म्हटलं, बघू. माणूस समोर बसू दे, बोलू दे, मग ठरवू."

आपल्याला काढणार, हे रॉइसला तिथेच कळलं. त्यानं डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हाच ब्रॅनॉकनं ओळखलं असणार, हा इथे येऊन काय सांगेल ते.

"मिस वर्नेटा, खरं सांगतो..."

"त्या वेळीही याच खुर्चीत बसला होतात. हाच केक, हेच शब्द. पोरगा आमच्या कॉलेजात द्या म्हणालात तेव्हा मी ऐकलं. आता घेऊन जा म्हणताय. मी कुठल्या वेळचं खरं धरू?"

मी मध्ये पडले. "वर्नेटा, मी याची बायको आहे. हा खोटं बोलत नाहीये गं."

"तुम्ही त्यांच्याच बाजूनं बोलणार, मिस लॉनेल. मीही तेच केलं असतं."

आतून टॅव्हिअन म्हणाला, "मम्मा, कोच टिडवेल—"

"तू पडून राहा," ती म्हणाली, आणि केकवर झाकण ठेवलं.

परतीच्या वाटेवर रॉइस एकच वाक्य बोलला. "मला ते आईचं म्हणायचंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी त्याची किल्ली ऑफिसच्या कुलपाला लागली नाही.

आम्ही आर्कान्साला परतलो, माझ्या बहिणीच्या गावी. खोकी पुन्हा कामी आली. अंजिराचं झाड काही आणता आलं नाही. रॉइसला एका शाळेत मुलांना कवायत शिकवायचं काम मिळालं. संध्याकाळी तो जिममधले चेंडू जाळीत भरतो आणि चालत घरी येतो. टॅव्हिअन तिथेच राहिला. वसंतातला सामना खेळला, गुडघा टिकला. ब्रॅनॉकचा फोटो पेपरात आला. मला वाटलं, चला, डॉक्टरच चुकले असतील. मनापासून तसं वाटलं मला.

सप्टेंबरात आम्ही टीव्हीवर त्यांचा सामना बघत होतो. टॅव्हिअनला कुणी धडकलंसुद्धा नाही. तो नुसता वळला आणि खाली बसला. मग पडद्यावर वर्नेटा दिसली, प्रेक्षकांत उभी, दोन्ही हात डोक्यावर. रॉइसनं टीव्ही बंद केला आणि बूट शोधू लागला.

इस्पितळात पोचलो तेव्हा ब्रॅनॉक नव्हता. त्याचा एक असिस्टंट तेवढा होता, फळांची टोपली मांडीवर घेऊन बसलेला. डॉक्टर येऊन सांगून गेले होते. पोरगा चालेल, पण काठी घेऊन. पाय पुरता सरळ होणार नाही.

वर्नेटानं रॉइसला पाहिलं. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती बाकावर थोडी सरकली आणि त्याला जागा करून दिली. रॉइस तिच्या शेजारी बसला.

"तुमची आई केक करायची नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग त्या दिवशी तसं का म्हणालात?"

"सवयीनं," रॉइस म्हणाला.

"आणि गुडघ्याचं?"

"ते खरं होतं."

तिनं मान हलवली. मग सुजलेल्या बोटांनी बाकाला धरून उठली.

"त्या दिवशी तेवढंच बोलायचं होतंत, कोच," ती म्हणाली, आणि आत पोराकडे गेली.