बोर्डावरचा नवा हेडफोन

सत्तर सालानंतरची गोष्ट. त्या वेळी भोरात फोन उचलला की आधी आमचा, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांचा, आवाज यायचा. मग आम्ही बोर्डात कॉर्ड खुपसून हवा तो नंबर जोडून द्यायचो. या कामाला मला अकरा वर्षं झाली होती आणि माझ्या जोडीच्या ऑपरेटर पोरीला जेमतेम दीड. तरी दिवाळीचा फराळ यायचा तो तिला. पेठेतला कुणीतरी डबा घेऊन यायचा आणि मलाच विचारायचा, "त्या ग्वाड बोलणाऱ्या बाई कुठं हायेत?" मी डबा घ्यायचे आणि तिच्या खुर्चीवर आदळायचे.

ती वेल्ह्याची, बावीस-तेवीसची. माझी पाळी सकाळची, तिची दुपारची. तिचा आवाज खरंच मऊ होता, पण ते मी कुणापाशी कबूल केलं नाही. मी म्हणायचे, माझा हेडफोन म्हणजे डोक्यावर ठेवलेला वरवंटा, त्यातून धड ऐकू येत नाही, मग माणूस गोड बोलणार कसं? तिच्याकडेही तसलाच होता, हे मी सोयीनं विसरायचे.

एकदा ट्रंक कॉल लावताना पुण्याची ऑपरेटर म्हणाली, "आमच्याकडं नवं मॉडेल आलंय. वजनच नाही. कानावर स्पंज, आणि कुणी कुजबुजलं तरी स्वच्छ ऐकू येतं." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. साहेब म्हणाले, भोरला एकच मिळेल. मी रोज विचारायचे, आला का. एसटीनं पार्सल आलं की शिपायाच्या आधी मी उठायचे. हा हेडफोन कानाला लागला की लोक मलाच विचारत येतील, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

तीन महिन्यांनी तो आला, दुपारी पाळी बदलताना, आम्ही दोघी समोर असताना. साहेब खोक्याकडं बघत म्हणाले, "हिचा आवाज चांगला आहे, हिला द्यावा का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं कुणी घासली, असं मी साहेबांना सरळ विचारलं. त्यावर ती म्हणाली, "ताईंनाच द्या साहेब. मला जुना बरा हाय." तिनं भांडायला हवं होतं. तिच्या चांगुलपणाचा मला जास्त राग आला. पण हेडफोन मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तो डोक्यावर चढवला. खरंच वजन नव्हतं. साडेनवाच्या सुमाराला पेठेतल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या नंबराचा दिवा लागला. मी कॉर्ड खुपसली आणि विचारलं, "कुठला नंबर?"

पलीकडं शेठनी रिसीव्हर तोंडापासून लांब धरला असावा, कारण ते बोलत होते मुनीमजींशी. जुन्या हेडफोनमधून त्यातलं अक्षरही माझ्यापर्यंत पोचलं नसतं. आता शब्दन् शब्द आला.

"ती वसवस करणारी बाई हाय. ऱ्हाऊ द्या. दुपारी लावू."

कानशिलं तापली. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी कोण कोण असं म्हणत असेल, याचा हिशोब मनात सुरू झाला. त्यांनी फोन ठेवायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं. मी जितकं हळू बोलता येईल तितकं हळू म्हणाले, "बोला ना शेठ. कुठं लावून देऊ?"

"आलात व्हय तुमी?" त्यांचा आवाज एकदम खुलला. "बरं झालं बाई. आज सकाळीच कशा काय? पुण्याला मार्केट यार्डात लावून द्या."

हेडफोन माझ्या कानावर होता, तोंड माझं होतं, आणि कौतुक तिच्याकडं गेलं होतं. माझं नाव सांगावं असं फार वाटलं.

"हो," मी म्हणाले, "आजच्या दिवस पाळी बदललीये." आणि त्यांना पुण्याची लाइन जोडून दिली.