दारथुआमीची मूठ

आमच्या मिझो डोंगरावर भात शिजवण्याआधी बाई एक मूठ तांदूळ देवासाठी बाजूला काढते. दोन्ही वेळा. रविवारी चर्चच्या महिला मंडळाच्या बाया टोपली घेऊन दारोदार तो गोळा करतात. उपदेश करणारे पुष्कळ आले नि गेले, मूठ काही थांबली नाही.

दारथुआमीला अख्खी वस्ती 'पी' म्हणे, म्हणजे आजी. नवरा दरडीखाली गेला, अंगातला जोर सरल्यावर उतारावरचं शेत सुटलं. मग मंडळीनेच, म्हणजे चर्चनेच, तिला त्या गोळा केलेल्या तांदळातून वाटा द्यायचं ठरवलं. पी त्यातूनही मूठ काढायची.

इथे आमच्या शहाण्यांना कळवळा आला. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, लियानझामा म्हणाले, आपण दिलेलं आपणच परत घ्यायचं हा कुठला न्याय, म्हातारीला पोटभर जेवू द्या. झालं. टोपलीवाली झोदिनी तिचं दार टाळून पुढे जाऊ लागली. पीला कुणी विचारलं नाही. गरिबाला विचारायची पद्धत आहे कुठे?

पुढच्या रविवारी पी दारातच उभी राहिली.

"का गं, माझ्या घरात कुणी मेलंय का?"

झोदिनीने मान खाली घालून लियानझामांचं नाव सांगितलं.

मंडळीकडून आलेलं तांदळाचं लहानसं पोतं पीने पाठीवर घेऊन पट्ट्याने कपाळाला अडकवलं आणि चढ चढून लियानझामांच्या ओसरीवर आणून टाकलं. मी तिथेच होते, नळाच्या पाण्यावरून त्यांच्याशी भांडत. लियानझामा म्हणाले, आम्ही तुझा भारच हलका केला.

"भार? देवापुढे हात पालथा करायला मला एवढंच उरलं होतं," पी म्हणाली. "मला नुसती घेणारी करून ठेवू नका. माझी मूठ नको, तर तुमचं पोतंही नको."

"मग खाशील काय? ताठा?"

"भरपूर आहे. शिजायला तेवढा वेळ लागतो."

मी हसले नाही. आठवडाभर तिने रानातला पाला उकडून खाल्ला. शेजारणींनी नेलेला भात हात जोडून परत केला. रोज अंगणात दिसायची ती दिसेनाशी झाली.

आमच्याकडे ती टोपली पुरुष उचलत नाही. त्या रविवारी लियानझामांनी झोदिनीच्या हातून ती घेतली, पाठीवर पोतं घेतलं आणि सगळ्या वस्तीसमोर उतार उतरून पीच्या दारात उभे राहिले. "पी, मूठ न्यायला आलोय," एवढंच म्हणाले.

भिंतीला धरत पी बाहेर आली. पोतं उतरवायला लावलं, त्याचं तोंड सोडलं, मूठ भरून टोपलीत टाकली. मग चूल पेटवायला आत गेली.