सांगलीचा हत्ती आणि आबांची घोंगडी

‘घोंगडी घरी ठेवा,’ असं मी आबांना तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यांनी ती खांद्यावर आणखी वर ओढून घेतली. चैत्र महिना, दिवस उगवायच्या आत अंगाला घाम, आणि आम्ही निघालो होतो सांगली बघायला! माझ्या अंगात परीटघडीचा सदरा, पायात कोरी चप्पल. शेजारी माझे वडील, म्हणजे आबा : डोक्याला तांबडा पटका, हातात पुरुषभर उंचीची काठी आणि खांद्यावर ती काळी घोंगडी.

“आबा, शहरात चाललोय आपण. मेंढरं चारायला नाही.”

“मंग शेरात ऊन पडत न्हाई व्हय?”

आमच्या घरात शिकलेला मी एकटा. आटपाडीच्या पलीकडं, माणदेशातल्या एका वाडीत प्राथमिक शाळेचा मास्तर. बाकी आजा, पणजा, बाप सगळे मेंढरांमागं चालून झिजलेले. मोठ्या दुष्काळात आबांची बहुतेक मेंढरं गेली, उरलेली त्यांनी चुलतभावाच्या हवाली केली. काठी आणि घोंगडी मात्र सुटली नाही. त्या दुष्काळाला आता दोन वर्षं झाली होती, पाऊस बरा झाला होता, घरात बाजरी होती. म्हटलं, पोरांना एकदा मोठं शहर दाखवू. वाहती नदी, दगडी पूल, आणि मुख्य म्हणजे गणपतीच्या देवळाचा हत्ती.

पोरं तीन. नंदा नऊ वर्षांची, दत्तू सहाचा, बबन चारचा. कंट्रोलच्या (रेशनवरच्या) कापडात निळ्या चौकड्यांचा तागा मिळाला होता. त्यातूनच दोघांना शर्ट आणि नंदाला झगा शिवला. उन्हाळा म्हणून दोन्ही पोरांच्या डोक्यांचे गोटे केलेले. “एका कापडातली पोरं म्हणजे हरवायची भीती नाही,” असं मी शालनला, म्हणजे बायकोला, शहाणपणानं सांगितलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एस्टीत कंडक्टरनं काठी बघून विचारलं, “म्हातारबाबा, हिचं अर्धं तिकीट काढू काय?”

“अर्धं कशाला? पुरं फाड,” आबा म्हणाले, “पर मग तिला बसाया जागा दे.”

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मग पोरं मोजली. एक, दोन, तीन.

“काय मोजतोस रं?”

“पोरं. गर्दीत मोजलेली बरी.”

“मोजतो त्यो यापारी,” आबा म्हणाले. “राखनारा वळखतो.”

मी ‘बरं बरं’ म्हणून विषय संपवला.

विटा मागं पडलं आणि तासगावच्या अलीकडं रानाचा रंगच पालटला. द्राक्षांचे मांडव, त्यांच्यापलीकडं ऊस, उसाच्या कडेनं पाण्यानं भरलेले पाट. आमच्याकडं एवढं पाणी दिसलं तर माणसं हात जोडतील, आणि इथं एक बाई त्यात खुशाल पाय धूत बसली होती! शालन खिडकीला नाक लावून बघत होती. “आवं, ह्यांच्या म्हशी सुदीक चकाकत्यात,” ती म्हणाली, आणि खरंच चकाकत होत्या.

सांगलीत उतरलो तर वारा हळदीचा. पोती चढत-उतरत होती, हमालांच्या दंडांना, पटक्यांना, सगळ्याला पिवळी पूड बसलेली. दत्तूला वाटलं या सगळ्यांची लग्नं आहेत. स्टँडाजवळ भडंग (मसालेदार चुरमुरे) घेतलं. लसणाचा ठसका लागून बबनच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मूठ काही सुटेना. तसेच खात खात कृष्णेच्या घाटावर गेलो.

नंदानं पाण्यात एक बोट बुडवलं आणि चटकन काढून घेतलं. बबन आबांचं धोतर धरून उभा होता.

“आबा, ह्ये पानी कुनाचं?”

“समद्यांचं.”

“मंग आपल्याकडं का न्हाई?”

“यील की,” आबा म्हणाले. “वाटंत आसंल.”

त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, पोरांच्या गोट्यांवर शिंपडलं आणि राहिलेलं स्वतःच्या डोळ्यांना लावलं. मलाही भरून आलं, पण मी पोरांना पुलाच्या कमानी मोजायला लावल्या. मास्तराची जात, दुसरं काय!

देवळाकडं जाताना वाटेत एक पाणपोई लागली. लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, शेजारी झाडाभोवती दगडी पार. बबन तीन पेले पाणी प्यायला. तहान एकाच पेल्याची होती, पण कोणी रागवत नाही म्हटल्यावर तो कशाला थांबतोय? आबांचे गुडघे धरले होते. “तुमी या जाऊन. मी हितं बसतो,” ते म्हणाले. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. घोंगडीवाला म्हातारा बरोबर नसला की मी कसा चारचौघांसारखा दिसणार होतो.

देवळात दर्शन झालं आणि आम्ही हत्तीपाशी गेलो. काय ते जनावर! कपाळावर रंगीत नक्षी, डोळे मात्र आमच्या शेजारच्या आजीसारखे मिचमिचे. पाचपन्नास माणसं कडं करून उभी होती. कोणीतरी नारळ पुढं केला, हत्तीनं सोंड उंच उचलली आणि असा काही चीत्कारला की अख्खं कडं एकदम मागं सरकलं. बायका किंचाळल्या, जो तो आपल्या पोरावर झडप घालू लागला. मीही घातली. डाव्या हातात दत्तू, उजव्या हातात दुसरा गोटा, निळ्या चौकड्या. दोन. बरोबर!

शालन आणि नंदा बांगड्या भरायला गेल्या. पाराजवळ भेटायचं ठरलं. मी पोरांना घेऊन पेठ दाखवत निघालो. एक पिपाणी घेऊन धाकट्याच्या तोंडात दिली आणि संस्थान म्हणजे काय, राजा म्हणजे काय, हे समजावत चाललो. पिपाणी पीं-पीं करत होती. दत्तू मध्येच म्हणाला, “आण्णा, ह्यो...”

“मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही,” मी म्हणालो.

थोड्या वेळानं पुन्हा, “आण्णा...”

“गप चल!”

पाराशी आलो. शालन आणि नंदा येऊन पोहोचल्या होत्या. मी रुबाबात म्हणालो, “एक, दोन, तीन. चला, आता उसाचा रस पिऊ.”

आबांनी मान वर केली. माझ्या उजव्या हाताकडं नुसतं बघितलं.

“बबन्या कुठं हाय?”

“हा काय!”

“ह्यो आपला न्हाई.”

मी खाली बघितलं. गोटा तसाच, शर्ट तोच, पण त्याखालचा चेहरा मी जन्मात कधी पाहिला नव्हता. पोरगं पिपाणी वाजवत माझ्याकडं बघत होतं. शालननं “अगं आई गं!” म्हणून कपाळावर हात मारून घेतला.

“मी सांगत हुतो,” दत्तू रडायच्या बेतात आला, “तुमी म्हनला गप चल!”

आबांनी त्या पोराच्या तोंडातली पिपाणी हळूच काढली. “नाव काय तुजं, गड्या?”

“संभा.”

“बा कुठं हाय?”

“हत्तीपशी,” असं म्हणून त्यानं पिपाणी परत मागितली.

मी पळायच्या पवित्र्यात, तोच आबांनी काठी आडवी घातली. “पळू नगंस. आपलं तिकडं, त्येंचं हिकडं. दोन कळप मिसळलं तर राखनारा पळत न्हाई. उच्यावर उभा ऱ्हातो आनि घोंगडं दावतो. बबन्या हितं तीनदा पानी प्यालाय, ही जागा त्यो इसरायचा न्हाई.”

“आबा, हे रान नाही!” मी ओरडलो आणि पळालो.

हत्तीपाशी बबन नव्हता. देवळात नव्हता. पेठेत मी दिसेल त्याला विचारत सुटलो, आणि माझी ती शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. “आवं, माजं पोरगं बगितलं का कुनी? गोटा हाय, निळा शर्ट हाय!” लोक थांबत होते, हळहळत होते. कोपऱ्यावर एक पोलीस भेटला. भला माणूस. त्यानं वही काढून माझं नाव-गाव, नोकरी लिहून घेतली.

“अंगात काय?”

“निळ्या चौकड्यांचा शर्ट.”

त्यानं नजर फिरवली. समोरच्या एवढ्याशा चौकात निळ्या चौकड्यांची चार पोरं होती. कंट्रोलचं कापड अख्ख्या जिल्ह्यानं घेतलेलं!

“तसं नको, मास्तर. वळखायची खूण सांगा. वण, तीळ, कायतरी.”

चार वर्षं ज्याला खांद्यावर घेऊन हिंडलो त्या पोराची एक खूण मला सांगता येईना. शाळेतल्या साठ पोरांची हजेरी मला पाठ, घरच्याचं तोंड मात्र मी कधी नीट बघितलेलं नाही. भर पेठेत मला रडू कोसळलं. “इचारून येतो,” म्हणालो आणि माघारी वळलो.

दुरूनच पार दिसला. आबा पारावर उभे होते, गुडघेदुखी विसरून. काठीच्या टोकाला घोंगडी बांधून त्यांनी ती उंच धरली होती आणि डावी-उजवीकडं हलवत होते. मध्येच “हुर्र्र, ह्या ह्या!” अशी लांबलचक हाळी. सांगलीची माणसं थांबून बघत होती. एरवी मी लाजेनं जमिनीत गेलो असतो. खाली शालन रडत होती, पण संभाला तिनं मांडीवर घेतलं होतं आणि भाकरीचा घास भरवत होती.

“आबा, बबनची खूण काय?” मी धापा टाकत विचारलं.

हात खाली न घेता ते म्हणाले, “डाव्या कानामागं तीळ. वरच्या दाताची कोर तुटलिया, गुदस्ता उंबऱ्यावर आपटलाता. चालताना उजवा पाय जरा आत टाकतोय. जा, सांग जा.”

मी वळलो, तेवढ्यात गर्दीच्या वरून आवाज आला, “आबाऽऽ! आमचं घोंगडं! त्ये बगा आमचं घोंगडं!”

एका उंच, मिशाळ माणसाच्या खांद्यावर बसून बबन येत होता. मागून एक बाई दुसऱ्या एका पोराचा हात धरून, डोळे पुसत पळत होती. तिनं आधी शालनच्या मांडीवरून संभाला उचललं आणि मग दोघी बायका एकमेकींना मिठी मारून रडल्या. नावं विचारणं नंतर झालं. मी बबनला उतरवून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी त्याच्या डाव्या कानामागं बघितलं. तीळ होता. तिळाएवढा तीळ! तो मी मुठीत धरल्यासारखं पोराला धरून ठेवलं.

तो माणूस साताऱ्याकडचा फौजी, यशवंत त्याचं नाव. सुट्टीवर आला होता, सासुरवाडी सांगलीत. तो खजील होऊन म्हणाला, “मास्तर, चूक माझी बी तेवढीच. दोन पोरं घेऊन आलो, दोन घेऊन निघालो. फौजेत गिनतीची लय सवय. गिनती बरोबर, म्हनून बेफिकीर ऱ्हायलो. बायको म्हनाली तवा खाली बघितलं.”

“आमच्या पोरानं त्रास दिला का?”

“कसला त्रास! रडला बी न्हाई. मला म्हनला, पानी फुकट मिळतंय तिथं आमचं आबा हायती. तासभर समद्या पानपोया हिंडलो. शेवटाला त्यालाच खांद्यावरनं घोंगडं दिसलं.”

मग आम्ही सगळे मिळून उसाचा रस प्यायलो. पैसे कोणी द्यायचे यावर फौजीशी हातघाईवर आलो. शेवटी तोच जिंकला. पिपाणी संभालाच दिली.

परतीच्या गाडीत मी पोरं मोजली नाहीत, एकेकाकडं बघत बसलो. नंदाच्या उजव्या भुवईत एक भोवरा आहे. दत्तू झोपला की खालचा ओठ पुढं काढतो. इतकी वर्षं हे सगळं माझ्यासमोर होतं. विटा गेल्यावर ऊन उतरलं, माळ दिसू लागले, आमची रुक्ष, उघडी, आपली माणसं राहतात ती जमीन. नदी वाटेत असेल, असं मला आबांसारखंच वाटायला लागलं.

“आबा,” मी हळूच विचारलं, “पोलिसानं माझी खूण विचारली असती तर?”

त्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. “हनवटीखाली वण हाय. दोन वर्साचा हुतास, वाघरीत (मेंढरं कोंडायच्या जाळ्यात) गुरफटून पडलास. लय रगत गेलं. दवाखाना पाच कोसावर. तुला ह्याच घोंगड्यात गुंडाळून पळालो हुतो.”

“पळाला होता? राखणारा पळत नाही म्हणालात की!”

“त्यो मेंढरांचा कायदा,” आबा म्हणाले.

रोज दाढी करताना त्या जागेवरून मी पातं जपून फिरवतो. वण कशाचा, हे कधी विचारलं नव्हतं.

फाट्यावर उतरलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. आबांच्या खांद्यावरची घोंगडी मी काढून घेतली आणि माझ्या परीटघडीच्या सदऱ्यावर टाकली.

“उकडंल तुला,” आबा म्हणाले.

“उकडू द्या.”

पुढं बबन चालला होता, उजवा पाय जरा आत टाकत.