लायसन्सच्या कार्डावरचं कुंकू

मंडळी, आज डोकं फिरलंय.

महिनाभर एकेक पार्ट जमवून घरीच कॉम्प्युटर जोडला. इथल्या सिल्वासातल्या दुकानदाराने समजावलं होतं, "साहेब, लायसन्स कौन लेता है? मैं ऐसे ही डाल देता हूँ." मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऑपरेटिंग सिस्टिम रीतसर विकत घेतली.

सोबत आलेल्या लायसन्सच्या कार्डावरचा पट्टा नाण्याने खरवडला, खाली पंचवीस अक्षरांची 'की', म्हणजे लायसन्सचा नंबर, दिसली. इन्स्टॉल होईपर्यंत कार्ड आईकडे दिलं. म्हटलं, "सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, जपून ठेव."

तासाभराने स्क्रीनने की मागितली. आईने कार्ड देवघरातून आणलं. कीवरच ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. पुसायला गेलो, तर अक्षरंही फिसकटली.

हेल्पलाइनवरची मुलगी एकच धरून बसली, "सर, पूरा नंबर पढ़िए." सोमवारी कंपनीची ड्रॉइंग्ज याच मशीनवर करायची आहेत.

आईवर चिडलो. ती म्हणाली, "नव्या वस्तूची पूजा नको? महत्त्वाचं काय, ते तूच सांगितलंस."

आता हेल्पलाइनवाले म्हणतात, कार्ड खराब कसं झालं ते लेखी कळवा. तासभर रिकाम्या ईमेलसमोर बसलोय. तुम्ही काय लिहिलं असतं?