दौलत फिटरचे अकरा खिळे

परळच्या भोईवाड्यात, देवळामागच्या पडवीत, दर रविवारी मोडक्या पायगाड्यांचा, म्हणजे सायकलींचा, दवाखाना भरायचा. फी नव्हती, आणि वैद्यही सगळे हौसेचे होते: गिरणीतला एक खलाशी, वरळीचा एक कोळी आणि अलीकडेच येऊ लागलेले एक शाळामास्तर. या सगळ्यांचा मुख्य वैद्य म्हणजे दौलत फिटर. वाकडं चाक सरळ करावं तर त्यानेच, असा त्याचा लौकिक पार दादरपर्यंत गेला होता. आणि या दौलत फिटरला स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा दिसत नव्हती.

हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, मालनला. निदान दौलतची तशी समजूत होती.

आधी तो खरोखरच फिटर होता. लालबागच्या एका गिरणीत इंजिनखात्यात सतरा वर्षं काढली. मग डोळ्यांपुढे धूर यायला लागला. आधी त्याला वाटलं, भट्टीचा असेल. पण धूर घरीही यायला लागला, देवळातही यायला लागला. एक दिवस साहेबाने त्याला खिडकीपाशी उभं केलं, चेहऱ्यासमोर बोटं धरली आणि किती आहेत ते विचारलं. दौलत म्हणाला, तीन. सगळं खातं हसलं. बोटं दोन होती. त्याच संध्याकाळी तो घरी आला तो कायमचाच. इस्पितळातल्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं की नस सुकत चालली आहे, इलाज नाही. दौलतने ते ऐकून घेतलं. पण खात्याचं ते हसणं काही त्याच्या कानातून गेलं नाही.

मालनने कपाळाला हात लावला नाही. बाई मुळातच खंबीर. तिने गावाकडून आलेल्या एकट्या माणसांसाठी खाणावळ काढली आणि घर चालतं ठेवलं. दौलत घरी बसून नारळ सोलायचा, मसाला कुटायचा. जेवायला येणारे विचारायचे, "फिटर, गिरणी सोडलीत?" तो म्हणायचा, "कंटाळा आला." इतक्या चांगल्या माणसाला इतकं साधं खोटं बोलायलाही घाम फुटायचा.

मग प्लेग आला. अर्धी मुंबई बोचकी बांधून गावाला पळाली. प्लेगच्या छावणीत नेलेल्या माणसांची खबर घरी कळेना, घरचं औषध छावणीत पोचेना. तेव्हा शहर सोडून जाणाऱ्या एका पारशी शेटजीने गोदामातल्या तीन मोडक्या पायगाड्या भोईवाड्यातल्या मंडळींना देऊन टाकल्या. त्या दुरुस्त करणार कोण? फोर्टातल्या दुकानात न्यायच्या तर तिथल्या पायरीवरही या मंडळींना कोणी उभं करणार नव्हतं. दौलतचा जुना सोबती धोंडू, दुसऱ्या एका गिरणीत यंत्रांवर राबणारा खलाशी, मालवणचा, खाणावळीत येऊन म्हणाला, "दौलतदादा, तुझे हात आमका होये आसत." दौलत नाही म्हणाला. पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मालनने त्याच्या हातात टोपी दिली.

पडवीत पहिल्याच आठवड्यात त्याने भिंतीवर अकरा खिळे ठोकले, एकेका वितीच्या अंतराने. पहिल्यावर मोठा पाना, दुसऱ्यावर धाकटा, तिसऱ्यावर आऱ्यांची चावी, मग पक्कड, कानस, छिन्नी, असं करत शेवटी तेलाची कुपी. हात लांबवला की हवं ते हत्यार हातात. चाक सरळ करायची त्याची तऱ्हा तर बघायला माणसं जमायची. तो भजनात वीणा धरणारा माणूस. सायकल उलटी करायचा, चाक फिरवायचा, अंगठ्याचं नख कडेला टेकवून वाकडेपणा हेरायचा, आणि मग एकेक आरा बोटाने छेडून ऐकायचा. जो आरा ढिला बोलला त्याला चावीने पीळ. हे सगळं डोळे मिटून. मिटलेल्या डोळ्यांना काय दिसतं हे कोण विचारणार? उलट दौलतच इतरांवर खेकसायचा, "डोळे फाडून काय बघताय? कान लावा!" लबाड कुठला.

प्लेगचा पहिला तडाखा ओसरला तरी पडवी बंद झाली नाही. दवाखान्याचे कंपाउंडर, तारवाले, गिरगावातून येणारे कारकून आपापल्या गाड्या घेऊन यायला लागले. नियम एकच: ज्याची गाडी दुरुस्त झाली त्याने पुढच्याच्या गाडीला हात लावायचा, मग तो कितीही मोठा असो. वरळीचा हरेश्वर कोळी तर गाडी नसतानाच आला. त्याची बायको छावणीत होती तेव्हा पडवीची गाडी रोज तिची खबर त्याला पोचवायची. बायको बरी होऊन घरी आली आणि हा दर रविवारी पडवीत यायला लागला. रबराच्या नळीला भोक पडलं की घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ते शोधायचं आणि बुजवायचं, हे त्याचं काम. जाळ्याची भोकं बुजवून त्याचे हात तयारच होते.

पडवीची शिस्त ही दौलतची मोठी मिरवायची गोष्ट होती. हत्यार वापरलं की लगेच ज्याच्या त्याच्या खिळ्यावर. दारापासून ओट्यापर्यंतच्या वाटेत कोणी गाडी आडवी टाकायची नाही. एक खोड मात्र त्याला बिलकूल आवडायची नाही. या मंडळींना आत पाऊल टाकताना आपलंच नाव ओरडायची भारी हौस. हरेश्वर तर कोपऱ्यावरूनच गर्जायचा, "हरेश्वर आयला रं!" त्याच्यामागून "धोंडू इलो!" दौलत घरी येऊन मालनला सांगायचा, "माणसं कामाची आहेत, पण काय गं हा मोठेपणा! आले म्हणजे काय, लाटसाहेब आले?" मालन भाकरी थापत राहायची. आणि दौलत छाती फुगवून पुढे म्हणायचा, "पण शिस्त बघ कशी लावलीय मी."

एवढं असूनही त्याला कायम एक धास्ती असायची. आज ना उद्या कोणीतरी समोर बोटं धरेल. गिरणी गेली ती गेली, पण ही पडवी गेली तर आठवड्याचे सातही दिवस नुसते नारळ सोलायचे. ती कल्पनाच त्याला सोसवत नव्हती.

अठराशे अठ्ठ्याण्णव साली खंडेनवमी नेमकी रविवारी आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याची पूजा करायची. सगळी हत्यारं खिळ्यांवरून उतरली, घासूनपुसून पाटावर मांडली गेली, हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं चढली. आदल्या वर्षी दसरा झाल्यावर हत्यारं परत टांगायचं काम धोंडूने केलं होतं. यंदा तो गिरणीत अडकला, म्हणून नव्या पाठारे मास्तरांनी ते आपणहून केलं. मास्तर गिरगावातले, टापटिपीचे. जे दिसेल ते ओळीत लावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी अकरा हत्यारं उंचीप्रमाणे लावली, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. लांबून उभं राहून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पुढच्या रविवारी दवाखान्याचा कंपाउंडर सकाळीच आला. करी रोडच्या खड्ड्यात त्याची गाडी आपटली होती आणि पुढचं चाक पापडासारखं वळलं होतं. त्याला दुपारी चाळीचाळीतून औषधं पोचवायची होती. पडवी भरलेली होती. दौलतने गाडी उलटी घेतली, डोळे मिटले, चाक फिरवलं, नख टेकवलं. मग ऐटीत हात मागे नेला, तिसऱ्या खिळ्याकडे.

हातात कानस आली.

आपलंच चुकलं असेल म्हणून त्याने बाजूच्या खिळ्यावर हात नेला. तिथे पक्कड. त्याच्या पुढे पेचकस. त्याचा हात भिंतीवरून सरपटायला लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुठल्याशा खिळ्यावरून हातोडी निसटली आणि फरशीवर ठणकन पडली.

"दौलतराव, चावी शोधताय का?" मास्तर भाबडेपणाने म्हणाले. "ती काय, अगदी शेवटी. तुमच्या समोरच तर आहे. दिसत नाही का?"

दौलत भिंतीला टेकून उभा राहिला. आता सगळे हसतील, असं वाटून त्याने क्षणभर वाट पाहिली. कोणी हसलं नाही. अडीच वर्षं त्याने या प्रश्नाची नाना उत्तरं तयार करून ठेवली होती: प्रकाश कमी आहे, डोळ्यांत कण गेलाय, रात्री जागरण झालंय. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. त्याला खोटं बोलायचाच कंटाळा आला होता.

"नाही दिसत, मास्तर," तो म्हणाला. "तुम्हीही दिसत नाही. काहीच दिसत नाही. गिरणीतून काढलं ते त्याच्यापायीच." आणि तो खाली वाकून चाचपत आपली टोपी शोधायला लागला, घरी जायला.

तेवढ्यात धोंडू कडाडला. पण तो दौलतवर नव्हे.

"मास्तरानू! ही हत्यारां कोणी हलवली? ज्येची जागा त्येका, म्हणून तुमका सांगूक नाय?"

"अहो, मी फक्त नीट लावली हो," मास्तर गडबडले. "मला कोणी काहीच सांगितलं नाही."

"माझाच चुकला," धोंडू कपाळ बडवत म्हणाला. "पूजेच्या गडबडीत ह्यांका सांगूचाच रवला."

दौलत टोपी हातात धरून तसाच उभा. "काय सांगायचं राहिलं?" त्याने विचारलं.

धोंडू जवळ आला. "दौलतदादा, तुका काय वाटला, आमका ठावक नाय? पहिल्याच महिन्यात लालभडक नवो फेटो बांधून मी तुझ्या म्होरां उभो होतंय. अख्ख्या भोईवाड्यान बघल्यान तो फेटो. आणि तू विचारलंस, कोण रे?"

"आनी मना काय वरडायची हौस हाय?" हरेश्वर घमेल्यापाशी बसून म्हणाला. "दीड वर्स आपलाच नाव घेतंय रं कोपऱ्यावरशी. घसा बसला माझा."

दौलतच्या डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. ती दारातली आरोळी, तो लाटसाहेबी मोठेपणा. ती मोकळी वाट. लगेच खिळ्यावर जाणारं हत्यार. त्याने लावलेली शिस्त! त्याला हसू फुटलं आणि हसताहसता रडू आलं, दोन्ही एकदमच. टोपीने डोळे पुसत तो एवढंच म्हणाला, "मग बोलला का नाहीत, मेल्यांनो?"

"तू खंय बोललंस?" धोंडू म्हणाला.

खरंच होतं ते. दौलत ओट्यावर बसला. इतकं हलकं त्याला गिरणीतही कधी वाटलं नव्हतं. त्याचा जीव अडीच वर्षांनी भांड्यात पडला होता.

मास्तर मात्र पार कानकोंडे झाले होते. त्यांनी अकराही हत्यारं खाली उतरवली आणि म्हणाले, "दौलतराव, तुम्ही सांगा, मी लावतो." दौलतने बसल्या जागेवरून क्रम सांगितला आणि मास्तरांनी शाळेत पाढे म्हणावेत तसा तो मोठ्याने घोकत एकेक हत्यार टांगलं. कंपाउंडरने हातोडी उचलून दिली. मग दौलतने तिसऱ्या खिळ्यावर हात नेला, चावी हातात आली, आणि तो आरे छेडायला लागला. या वेळी डोळे मिटले नाहीत. कशाला मिटायचे? तासाभरात चाक सरळ फिरायला लागलं आणि कंपाउंडर पुढच्याच्या गाडीला दोन हात लावून दुपारच्या आत औषधं घेऊन गेला.

निघताना दौलतला एक गोष्ट विचारायची होती. कितीतरी महिन्यांत त्याने ती कोणालाच विचारली नव्हती. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही दिसायला कसे आहात हो?"

मास्तर काही बोलण्याआधीच धोंडूने सांगून टाकलं. "नाक मोठा आसा. बाकी बरे."

घरी गेल्यावर त्याने मालनला सगळं सांगितलं. मालन भाकरी थापायची थांबली. "धोंडूभावजींनी मला गेल्या वर्षीच्या शिमग्यालाच विचारलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ते स्वतः सांगतील तेव्हा सांगतील. तोवर तुम्ही आपलं नाव मोठ्याने घेत चला." दौलतने हात पुढे करून तिचा पिठाचा हात धरला.

पुढच्या रविवारी मंडळी त्याच्या आधी येऊन बसली होती. पडवीच्या पायरीशी एक नवी काठी वाजली आणि थांबली. दौलत दारात उभा राहिला, घसा खाकरला. इतके दिवस त्याने हे कधी केलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपण सगळ्यांना दिसतोच की.

"दौलत फिटर आला रे!" तो ओरडला.

आतून एकेक उत्तर आलं. घमेल्यापाशी हरेश्वर. ओट्यावर धोंडू. आणि खिळ्यांच्या भिंतीपासून, जरा लाजत, "पाठारे. नाक मोठं. हत्यारं जागच्या जागी."

दौलत हसत मोकळ्या वाटेने आत गेला आणि काठी कोपऱ्यात ठेवून कामाला बसला.