आक्का खोटं पडली नसती

श्रुती, सम्यक, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, पण छापायला वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे देते आहे, कारण आणखी काही जणांनीही ते वाचायला हवं आणि ते माझी पत्रं उघडणार नाहीत. आक्काआजी जाऊन आता काही आठवडे झाले. इतक्यात लिहायचं नव्हतं. राग जरा निवला की शांतपणे लिहीन असं मनाशी ठरवलं होतं. पण परवा, श्रुती, तू मँचेस्टरहून मला निपाणीच्या शोकसभेचा व्हिडिओ पाठवलास. त्यात कराटेच्या पांढऱ्या वेशातली एक मुलगी हात नुसता पुढे करते आणि चांगला आडदांड मुलगा मागच्या मागे उडून गादीवर पडतो. लोक टाळ्या वाजवतात. मागे आक्काचा हार घातलेला फोटो. खाली तू लिहिलंस, "आजी, किती सुंदर! आक्काआजीला हे फार आवडलं असतं. मीही असं काहीतरी शिकून घेते, कामावरून येताना आमचा रस्ता अगदी सुनसान असतो." तुझं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राग निवायची वाट पाहण्यात अर्थ नाही हे कळलं. आक्काला ते आवडलं नसतं, बाळ. तिने स्टेजवर चढून त्या मुलाला कानाला धरून उठवलं असतं. आणि तो मुलगा कसा पडला ते खरं मानून तू त्या रस्त्याने निर्धास्त चालणार असशील, तर मला आत्ताच बोललं पाहिजे.

बातमी आली त्या सकाळी आजोबा आणि मी टिळकवाडीच्या घरात चहा घेत होतो. आक्काच्या शेजारच्या मालूबाईंचा फोन. "वैनी, आक्का परड्यात वाकळ वाळत घालीत हुत्या, तशाच खाली बसल्या… उठंनात. तुम्ही या लौकर." आम्ही निघालो, आणि संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी सगळा हायवे अडवून ठेवलेला. मी गाडीची काच खाली करून एका ट्रॅक्टरवाल्याला शिवी दिली. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईला ती शिवी येते हे आजोबांना त्या दिवशी कळलं. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. घरामागच्या परड्यात वाकळ मात्र तशीच होती, अर्धी दोरीवर, अर्धी जमिनीवर लोळत. मी आधी ती उचलली, मग आक्काकडे पाहिलं.

या वाकळीबद्दल सांगायला हवं. तुम्ही लहानपणी निपाणीला गेलात की तिच्यावर उड्या मारायचात, पण ती झोपायची वाकळ नव्हती. आजोबांच्या आईने जुन्या शहापुरी साड्यांचे थरावर थर घालून ती शिवली होती, आणि आक्का ती दुहेरी दुमडून पोटाला गुंडाळायची, खाटेच्या नवारीच्या पट्टीने करकचून बांधायची आणि मुलींना म्हणायची, "या. मारा." आक्का आजोबांची धाकटी बहीण, पण सगळी निपाणी तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर "टाइम झाला न्हाय" एवढंच सांगायची. शनिवारी शाळा सुटल्यावर ती मुलींना स्वतःचं रक्षण शिकवायची. शाळा आणि कॉलेज एकाच संस्थेचं, म्हणून कॉलेजातल्या मुलीही यायच्या. इतर शिक्षक मारायचं कसं ते शिकवतात. आक्का स्वतः हल्लेखोर व्हायची, आणि मारलेल्या माणसाचं अंग काय करतं ते शिकवायची.

हे तिला कुठून सुचलं? म्हशीकडून. लहानपणी धार काढताना म्हशीने तिच्या पोटात लाथ मारली होती. "समद्यांना वाटतं मी मागं उडाले असंन," ती मुलींना सांगायची, "मी पुढं पडले, म्हशीच्याच अंगावर. म्हस बिचारी माझ्यापेक्षा जास्त भ्याली." मुली हसायच्या, आणि हसणं ओसरायच्या आत ती मुद्द्यावर यायची. पोटात बसलं की श्वास बाहेर जातो, माणूस कमरेत मोडतो आणि त्याचं डोकं पुढे येतं, म्हणजे तुझ्याच तोंडावर. म्हणून मारलं की बाजूला सरायचं. नडगीवर टाच बसली की तो पाय मागे खेचला जातो आणि वरचं अंग तुझ्यावर झुकतं. नाकावर बसलं की मान मागे जाते, डोळ्यांत पाणी येतं, तो कितीही मोठा पैलवान असला तरी येतं. आणि जिथे दुखतं तिथे हात आपोआप जातात, म्हणजे तुझं मनगट सुटतं. तेवढंच आपल्याला हवं असतं. पुढचं वाक्य ती प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलीकडे बोट दाखवून म्हणायची, "आणि कुणाकुणाला काय बी हुत न्हाय. दारू प्यालेला असला, लई तापलेला असला, तर त्याला दुखणं मागनं कळतं. म्हणून मारून बघत उभं ऱ्हायचं न्हाय. त्यो पडला का न्हाय, हे बघायला तू काय सिनेमाला आलीयास व्हय?"

आमच्या जैन घरात यावर कुरबूर झाली नाही असं समजू नका. पाणी गाळून पिणारी, सूर्य मावळायच्या आत जेवणारी बाई, आणि मुलींना मारायला शिकवते! मंदिरातून परतताना एका काकांनी हे तिला तोंडावर विचारलं. आक्का म्हणाली, "काका, मी पळायला शिकवते. वाटंत कुणी आडवा आला तर त्येला बाजूला करायला लागतंय. उगं उभ्याउभ्या मारलं तर मीच त्या पोरीला वर्गातनं काढते." आणि खरंच काढायची. भांडणात मैत्रिणीला कोपर मारलेल्या एका मुलीला तिने महिनाभर वाकळ बांधून दुसऱ्यांचा मार खायला लावला होता.

आता संस्थेकडे येते. तिचं नाव लिहीत नाही. त्यांना कळेल. एका स्नेहसंमेलनात मोठे पाहुणे येणार होते, म्हणून आक्काचा वर्ग स्टेजवर आणायचं ठरलं. मी पहिल्या रांगेत होते. आक्काने नंतर सांगितलं, पडदा उघडायच्या आधी अध्यक्ष विंगेत येऊन तिला म्हणाले, "आक्का, जरा झोकात पडा हं. पाहुण्यांना बघायला बरं वाटलं पाहिजे." मुलगी पुढे आली, घाबरलेली, तिने कोपर नुसतं टेकवलं. आक्का उभीच. "लागलं न्हाय," आक्का माइकवर ऐकू जाईल अशी म्हणाली. "परत मार." लोक हसले. मुलगी रडकुंडीला आली, आणि मग तिने दात आवळून असं कोपर हाणलं की आक्काच्या तोंडून भस्सकन हवा गेली, ती कमरेत वाकली, तिचं डोकं पुढे आलं आणि ती मुलगी नीट बाजूला सरकली. अगदी बरोबर झालं होतं ते. पण दिसायला सुंदर नव्हतं, म्हणून टाळ्या फारशा पडल्या नाहीत. अध्यक्ष नंतर म्हणाले, "तुम्ही पोरीचा पाणउतारा केला." आक्का वाकळ सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी खोटं पडले असते तर तिला वाटलं असतं तिला येतंय. उद्या स्टँडवर कुणी धरली की कळलं असतं. तवा तुम्ही येणार हुता काय?"

स्टँडवरच झालं ते. सुजाता संकेश्वरजवळच्या एका गावची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आक्काच्या वर्गात येणारी. भर दुपारी बसची वाट पाहताना एका मोठ्या घरच्या मुलाने तिचं मनगट धरलं आणि सोडेना. तिने कोपर मारलं, तो वाकला, डोकं पुढे आलं, ही बाजूला सरली आणि पळत कंट्रोलरच्या खोलीत शिरली. तो तसाच पुढे जाऊन लोखंडी कठड्यावर आपटला, त्याचा पुढचा दात पडला. त्या दाताची केवढी काळजी, मुलांनो! मनगटाबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. त्याचे काका, मामा, ओळखीपाळखीचे सगळे संस्थेत येऊन बसले, आणि आक्काला बोलावणं आलं. तिने मला बरोबर नेलं. "तुम्ही कोट घातल्यासारखं बोलता, वैनी, त्यांच्यावर वजन पडंल," म्हणाली. काही वजन पडलं नाही. अध्यक्षांनी सरळ सांगितलं, "आक्का, मुलीनं उतावळेपणा केला एवढं म्हणा, विषय मिटवू." आक्का म्हणाली, "तिनं एक चूक केली, ती सांगते." सगळे सरसावून बसले. "चप्पल सुटलं म्हणून ते घ्यायला माघारी वळली. वळायचं नव्हतं."

वर्ग त्याच आठवड्यात बंद झाला. सुजाताच्या वडिलांनी लोकांच्या बोलण्याला भिऊन तिला घरी बसवलं. मनगट धरणारा दुसरा दात बसवून पुन्हा स्टँडवर उभा राहू लागला, आणि जिचं मनगट धरलं ती घरात. आक्का मात्र दर रविवारी बसने त्या गावाला जाऊन सुजाताच्या वडिलांसमोर बसायची. भांडायची नाही. "आप्पा, चहा ठेवा," म्हणायची आणि चहा पिऊन परत यायची. पुढच्या वर्षी ते कंटाळून म्हणाले, "न्या बाई, न्या तिला कालिजात." शाळेत तोवर बाहेरचा एक प्रशिक्षक आला होता. त्याच्याबरोबर छान मागे उडणारी मुलं होती. आक्काने आपल्या परड्यात वर्ग सुरू केला. ज्यांना यायचं त्या यायच्या, काही आयांना सांगून, काही न सांगता.

आणि आता शोकसभा. जिथे पाहुण्यांसमोर आक्का उभीच राहिली होती त्याच सभागृहात, वर्ग बंद करणाऱ्या त्याच अध्यक्षांनी, "आक्कांनी हजारो मुलींना निर्भय केलं" असं म्हणत त्या गादीवरच्या उड्या दाखवल्या. माणूस मेला की बोलत नाही, हे फार सोयीचं असतं. घरातली म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी म्हटलं, "तो मुलगा आत्ता खोटं पडला. आक्का पडली नसती. मुलींनो, खरा माणूस मागे उडत नाही, तो तुमच्या अंगावर येतो, आणि तुम्ही…" एवढ्यात माइक बंद झाला. सूत्रसंचालक हसून म्हणाला, "आजी भावनाविवश झाल्या आहेत, आपण समजू शकतो." मला धरून खुर्चीत बसवलं, कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मी अजिबात भावनाविवश नव्हते. माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. व्हिडिओतून तेवढा भाग कापलेला आहे, श्रुती, म्हणून तुला तो दिसला नाही. ते वाक्य इथे पुरं करते: आणि तुम्ही बाजूला सरून, मागे वळून न बघता, माणसं असतील तिकडे पळायचं असतं.

त्या सभेत शेवटच्या रांगेत सुजाता होती. साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आता. स्टेजपाशी आली नाही. पुढच्या रविवारी आम्ही आक्काचं घर आवरायला निपाणीला गेलो, तर ही परड्याच्या दारात उभी, मागे चार-पाच मुली. "आज्जी, वाकळ देता काय?"

मला वाटलं आठवण म्हणून मागते आहे. म्हटलं, "घेऊन जा गं, तुझीच आहे."

"न्यायला न्हाय," ती म्हणाली. "बांधायला. ह्या पोरी आलत्या गेल्या रविवारी, दार बंद बघून माघारी गेल्या."

नवारीची पट्टी तिला एकटीला ओढता येईना, म्हणून मी मागून गाठ मारली. पहिली मुलगी पुढे आली आणि तिने लाजत कोपर टेकवलं. सुजाता उभीच राहिली. "लागलं न्हाय," म्हणाली. "परत मार."

श्रुती, सुट्टीत आलीस की तुला आधी तिथे नेणार आहे. सम्यक, तूही ये, नाक कसं सुजतं ते कळायला. आक्का गेली. तिचा वर्ग संस्थेने कधीच संपवला होता, आणि आता तिचं नाव त्या गादीवरच्या नाटकाला दिलं आहे. वाकळ परड्यात आहे. पोटाच्या जागी वरची साडी विरून आतला थर दिसतो. रविवारी सुजाता ती बांधते, आणि नीट लागलं नाही तर पडत नाही.