सुमनचं ‘मंग?’

दवाखान्यात शेवटची शुद्धीवर होती तेव्हा सुमननं मला एवढंच विचारलं, “अजी, पोरीचं अडलेलं सुटलं काय?” मी म्हटलं, “सुटलं.” सुटलं नव्हतं. पण जाणाऱ्या माणसाला कशाला अडकवून ठेवायचं... माझी बायको गेली त्याला आता काही आठवडे झाले. मी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर उमर काढलेला माणूस, शाळा नावालाच. पण लोक येतात, “फार साधी होती” म्हणतात, चहा पिऊन जातात. तेवढ्यात ती मावत नाही, म्हणून लिहितो.

आमची मुलगी प्रज्ञा घरूनच कंप्युटरचं काम करते, रस्ट नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. काम अडलं की लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात यायची. सुमन ओट्यापाशी स्टुलावर मेथी निवडत असायची. पोरगी ओळ न् ओळ सांगायची आणि सुमन मधूनमधून एकच शब्द टाकायची, “मंग?” तिला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे मी छातीठोक सांगतो. पण ऐकायची मन लावून. सांगता सांगता प्रज्ञाच थबकायची, “हात्, इथंच चुकलं,” आणि खोलीत पळायची. सुमन मागून म्हणायची, “भाजी तं निवडून जाय.”

शेवटचं अडलं ते मात्र चिवट होतं. “आई, कंपायलर चूक दाखवत नाई, प्रोग्राम बंदही पडत नाई. नुसता बसून राह्यला. डीबगर लावून पाह्यलं तं आतमधे दोन कामं थांबून आहेत. दोघांजवळ एकेक कुलूप, अन् दोघांलेही दुसऱ्याजवळचं पाह्यजे. हा म्हणते तू आधी सोड, तो म्हणते तू सोड.”

“म्हणजे मी न तुहा बाप,” सुमन म्हणाली. “अबोला धरला का दोघंही हटत नाई. मंग?”

त्या ‘मंग’नंतर ती आजारीच पडली.

सुमन गेल्यावर प्रज्ञा आपल्या खोलीत, मी बाहेर खाटेवर. ती बोलेल म्हणून मी थांबलो, मी बोलेन म्हणून ती. एक दिवस फोनवर कोणाला तरी म्हणत होती, “होत नाई माह्याच्यानं. सोडतो नोकरी.” कुठं काय अडकलंय ते पाहायला मला डीबगर लागला नाही. मेथीची जुडी घेतली आणि स्टुलावर जाऊन बसलो.

“प्रज्ञा, ते दोन कुलपाचं कुठवर आलतं?”

दारात उभी राहिली. “बाबा, तुमाले काय समजते त्यातलं?”

“तुह्या मायले काय समजत होतं? सांग.”

सांगायला लागली. मी म्हटलं, “मंग?” तशी रडली, बरंच रडली. मी मेथी निवडत राहिलो. डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, आणि मधेच थबकली. “बाबा, दोघंही कुलपं उलटसुलट घेऊन राह्यले. दोघांनी एकाच क्रमानं घेतली तं अडणारच नाई.”

वाटलं, आता पळते. पण माझ्या पुढ्यातल्या ताटाकडे पाहून म्हणाली, “आई अशी काड्यासकट नोती निवडत.” आणि खाली बसून ताट स्वतःकडे ओढलं.

स्टूल ओट्यापाशीच आहे. रोज बसतो.

सुटलं, सुमन. या वेळी खरं सांगतो.